मिरची लागेपर्यंतचं रेकॉर्डिंग

नर्सरीत रोपं उगवायला वेळ लागतो. किस्से मात्र न पेरताच उगवतात. कवठे येमाईला माझी भाची सुनंदा भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवते. तिथं कॅमेरे बसवायचं ठरलं आणि रेकॉर्डिंगचं यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मामा पीएचडी! साधा पंखा घ्यायचा तरी मामाला आठवडाभर झोप लागत नाही, हे तिला कोण सांगणार?

*

शिरूरच्या दुकानातला विक्रेता तरतरीत होता. "सर, पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग बास. पुढं जुनं पुसलं जातं, नवं चढतं."

मी चाचरत विचारलं, "आणि मिरची?"

"मिरची?"

"रोप नेल्यावर मिरची धरायला दोन महिने लागतात. चुकीचं रोप दिलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला येतं ते त्यानंतर. तोवर तुमचं सगळं पुसलेलं!"

गेल्या हंगामात असंच झालं होतं. सुनंदाकडे पुरावा नव्हता आणि निम्मी गिऱ्हाइकं तुटली. म्हणून मी तीन महिन्यांवर अडून बसलो.

विक्रेत्यानं मोठी हार्डडिस्क काढली. "सर, एवढी तर सराफसुद्धा घेत नाहीत!"

सोबत आलेली सुनंदा म्हणाली, "सोन्याला मिरच्या लागत नाहीत."

*

तरी मनात शंका होतीच. म्हणून दौंडलाही एक दुकान पाहिलं. तिथला मालक मोठ्या पडद्यावर चार कॅमेरे दाखवत होता. "साहेब, माशीसुद्धा सुटणार नाही!"

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा.

"याला बॅटरी जोडलेली नाही?" मी विचारलं.

"कशाला? लाईट नसली की आम्ही स्वतः बघतो!"

आम्ही शिरूरला परत आलो आणि बॅटरीसकट यंत्र घेतलं.

*

बसवायला आलेला माणूस म्हणाला, "हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल, असं ठेवतो. डिस्कची जागा वाचते."

मला ते लगेच पटलं. लगेच पटलं म्हणूनच धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर सकाळपासून अखंड रेकॉर्डिंग! वाऱ्यानं रोपांवरचं शेडनेट हलत होतं.

सुनंदा हसली. "मामा, यंत्र अगदी तुमच्यावर गेलंय. जरा काही हललं की जागं!"

पण डिस्क घेताना मी तीन महिन्यांचा हिशोब अखंड रेकॉर्डिंगचाच धरला होता. त्या खुशीत मी चहा दोनदा घेतला!

*

कामाच्या बायका मात्र रुसल्या. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमी काय चोर हाय व्हय? त्यापरास आमच्या भाकरीवर लावा की! रोज कोन खातंय त्ये तरी कळंल."

गेटवरचे आप्पा छातीठोकपणे सांगत होते, "कुत्रंच हाय त्ये."

एक कॅमेरा फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांकडे वळवला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आली आप्पांचीच शेळी! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा बराच वेळ निरखून म्हणाले, "तोंड नीट दिसत न्हाई. कुनाची बी असंल!"

*

आणि मग अडीच महिन्यांनी केडगावकडचे एक बागायतदार आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बरोबर चार माणसं.

"ढोबळी मिरची मागितली, आन् मधल्या दोन सऱ्या तिखट निघाल्या! फसवनूक हाय ही!"

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी तसा मेसेजही टाकला होता. सकाळपासून ऑर्डरी रद्द होत होत्या. सुनंदानं तात्यांची पावती मागून घेतली. मी यंत्रापाशी बसलो. माझा हिशोब चुकला असेल तर? ते दिवस पुसले गेले असतील तर?

पावतीवरची तारीख टाकली. चित्र आलं!

तात्यांचा टेम्पो. आप्पा ढोबळीचे ट्रे भरतात आणि दोरी आणायला आत जातात. तात्या इकडे बघतात, तिकडे बघतात. शेजारच्या मांडवातले दोन ट्रे उचलून टेम्पोत ठेवतात. मांडवावर ठळक पाटी आहे: 'तिखट मिरची'. तात्या पाटीकडे तेवढं बघत नाहीत.

सुनंदानं तेवढा भाग पुन्हा लावला. बरोबरची चार माणसं हळूच बाहेर सरकली.

तात्यांनी मोबाईल काढला, मेसेज पुसला, 'नर्सरीची चूक न्हाई' असं लिहून टाकलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"सर, ह्ये मशीन कुठनं घेतलं वो?"

"शिरूरहून. का?"

"गोठ्यावर बसवावं म्हंतो. चोऱ्या लय वाढल्यात!"