औषध कालवणारीचा रकाना

"अंगठा इकडे दे."

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी माझं मनगट धरलं. ते मालकांच्या ओसरीवर खुर्चीत होते, मी खाली अंगणात. नवऱ्याची तेरवीसुद्धा व्हायची होती.

"मले सही येते," मी म्हटलं. इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू आलं. निळी शाई लागली. अंगठा माझा, दाबणारा हात साहेबांचा.

मी चौथी शिकले आहे. मान खालीच होती, म्हणून अंगठ्याखालचा कागद वाचता आला. 'मजुरास हातमोजे व चष्मा दिला होता. त्याने निष्काळजीपणाने ते वापरले नाहीत.'

हातमोजे मी तोवर पाहिलेसुद्धा नव्हते.

अंगठ्याआधी साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता. "फवारा कोण मारत होतं?"

"माहा नवरा. औषध म्या कालवलं, साहेब."

शेताचे मालक बाजूला सुपारी कातरत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते हसले. "बाईमाणूस पाणी आणते, साहेब. तिचं काय लिहिता?"

साहेब म्हणाले, "तसा रकानाच नाही."

आमच्याकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा पुरुष मारतो. पंप त्याच्या पाठीवर. नाल्याचं पाणी आणायचं, ड्रममध्ये औषध ओतायचं, तुराटीने, तुरीच्या वाळल्या काडीने, ढवळायचं, पंप भरून द्यायचा, हे बाईचं. त्याला कोणी फवारणी म्हणत नाही. त्या दिवशी तुराटी मोडली. मी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. दुपारी हात नाल्यात खंगाळला, भाकर मोडली आणि त्याला दिली. श्रावण सोमवार होता. माझा उपास. मी खाल्ली नाही.

सांजेला त्याची लाळ थांबेना. पांढरकवड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो मला ओळखत नव्हता.

भाकरीचं मी कोणालाच सांगितलं नाही.

अंगठा दिला तेव्हा माझी पोरगी माझा पदर धरून उभी होती. सातवीत होती. घरी येताना तिने विचारलं, "आई, तुले त वाचता येते. मंग काहून नाही बोलली?"

मी अंगठा पदराला पुसत चालत राहिले. तिने परत विचारलं नाही. ती शिकत गेली. यवतमाळच्या कॉलेजात एम.एस्सी. झाली. आता डॉक्टरेटला लागली आहे. तिथल्या मोठ्या लोकांनी तिला विचारलं, संशोधन कशासाठी करायचं? तिने माती, पाणी, विज्ञान असं काही सांगितलं. घरी येऊन म्हणाली, "खरं कारण नाही सांगतलं आई. सांगतलं असतं त रडली असती मी."

तिने फारम छापून आणले. गावातल्या बायांना विचारायचे. पहिलाच प्रश्न, 'औषध कोण कालवते?' खाली मोठा रकाना. त्या रकान्यावर मी बोट फिरवून पाहिलं.

"हातावरचं विष अन्नात किती जाते, थे बी मोजायचं हाये," ती आनंदाने म्हणाली.

मी हात धुवायला उठले.

मागच्या आठवड्यात भाऊ आमच्या दारात आले. कधी आले नव्हते. बाज टाकली, बसले नाहीत.

"पोरगी शिकून राह्यली, चांगलं हाये. पण एकटी फिरते वो. पऱ्हाटी डोक्याइतकी झाली. आत कोण बसलं, दिसत नाही."

मग खिशातून कागद काढला, आणि शाईची डबी. "लाव अंगठा."

मी कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. "'माझी मुलगी गोळा करते ती माहिती खोटी आहे. आमच्या गावात बाया औषधाला हात लावत नाहीत.'" आवाज फाटत होता. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

भाऊंचं सुपारी चावणं थांबलं. "तुले वाचता येते?"

"येते."

"कवापासून?"

"चौथीपासून."

त्यांनी डबी मिटली. जाताना वळले. आवाज एकदम मऊ. "भाकर तूच देल्ली होती ना वो त्याले? म्या शेताच्या धुऱ्यावरून पाह्यलं. पोरीच्या पुस्तकात थे बी येईल मंग."

त्या दिवसापासून एक मोटारसायकल दारासमोर येऊन थांबते. कोणी उतरत नाही. थोड्या वेळाने जाते.

पोरीला म्हणणार होते, विषय बदलव. काल सकाळी तोंड उघडलं आणि म्हटलं, "एक फारम दे."

नवरा गेला त्या वर्षापासून माझे हात थरथरतात. अक्षर वाकडं आलं. औषध कोण कालवते? मी. कशाने? हाताने. पुढचं कोणी विचारलं नव्हतं. मी रकान्याबाहेर, कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. त्याच हाताने भाकर दिली. साबण नव्हता. हातमोजे कोणी दिले नव्हते. आधीच्या कागदावरचा अंगठा माझ्या मर्जीचा नाही.

पोरीने वाचलं. कडेच्या ओळींवर बोट ठेवलं.

"आई, हे ठेवू?"

"ठेव. मोज. विष माह्या हातचं निघालं त माहा हात लिही. पण हातमोजे नव्हते, थे बी लिही."

खाली सही केली. पूर्ण नावाने.

उद्या ती फारम घेऊन शेताशेतात निघेल. मी सोबत जाणार. विळा घासून ठेवला आहे. पऱ्हाटीत आधी मी शिरेन. आत कोण बसलं आहे, ते पाहीन. मग तिला हाक मारीन.