आता मूठ वळ

लढतीआधी मुष्टियोद्ध्यांच्या हातांना पट्ट्या बांधणं हे मामांचं काम. खरे मामा ते एकाच भाच्याचे, पण त्याच्या मागून अख्खी जिम त्यांना मामा म्हणू लागली. बोटांच्या बेचक्यांतून पट्टी फिरवायची, मनगटावर आवळायची आणि म्हणायचं, "आता मूठ वळ." ती मूठ स्वतःच्या तळहातावर आपटून घेतल्याशिवाय ते कुणाला रिंगकडे सोडत नसत. मामी म्हणायच्या, "एवढा मार खाता, पण एका पोस्टरवर नाव नाही तुमचं!"

भाचा हेवीवेट. समोर येईल त्याला लोळवत आलेला, तरी अजिंक्यपदाची लढत काही त्याच्या वाट्याला येईना. मुष्टियुद्ध महासंघाच्या कचेरीत मामांनी जोडे झिजवले. सचिव चहा पाजायचे आणि म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की." पुढच्या खेपेला संधी भलत्यालाच! एकदा तर लागोपाठ हरलेल्या एका जाड्याला दिली. काहीतरी शिजतंय हे सगळ्यांना कळत होतं, पण पुरावा कुणाकडे? वर त्या जाड्याचे हात बांधायला बोलावलं कुणाला, तर मामांना. माणसाची थट्टा तरी किती करावी! पण महासंघाला दुखावलं, तर भाच्याचं उरलंसुरलं नशीबही गेलं असतं. मामा गेले.

जाड्याने हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "मामा, ढिली बांधली तरी चालेल."

मामा चपापले. ज्याला खरंच मारायचं असतं, तो पट्टी आणखी आवळा म्हणतो. ढिल्या पट्टीत बोटं मोडतात. त्यांनी वर पाहिलं, तर जाड्या भिंतीकडे बघत होता. थोड्याच वेळात तो रिंगमध्ये असा आडवा झाला, जसा दमलेला माणूस पलंगावर पडतो. मामा मूग गिळून बसले. तक्रार करायची, तर ती त्याच सचिवांकडे ना?

आणि मग एके दिवशी फोन आला. भाच्याला अजिंक्यपदाची लढत! त्याच्या आईने शेजारीपाजारी सांगितलं, मामींनी मामांच्या शर्टाला इस्त्री केली.

"शेवटी पाझर फुटला म्हणायचा!" मामा म्हणाले. भाचा नुसता हसला. इतकी वाट पाहून मिळालं, बावरला असेल, असं मामांना वाटलं.

लढतीच्या दिवशी खोलीत दोघंच होते. मामांनी कोरी पट्टी सोडली. भाच्याने हात पुढे केला, पण नजर भिंतीकडे.

"मामा, ढिली बांधली तरी चालेल."

मामांचे हात थांबले. "अरे, तूसुद्धा?"

"हरायला नाही म्हणालास तर पुन्हा कधीच नाही, असं सचिव म्हणाले. वय निघून चाललंय, मामा. एकदा तरी त्या रिंगमध्ये उभा राहू दे मला."

सचिवाची गचांडी धरावी, गळा काढून रडावं, असं मामांना वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. पट्टी तेवढी बांधली, नेहमीसारखीच घट्ट, एकही बेचकं न चुकवता. ढिली बांधणं त्यांना येतच नव्हतं. मग त्यांनी आपला तळहात पुढे धरला.

"आता मूठ वळ."

भाच्याने हात तसाच उघडा त्यांच्या तळहातावर ठेवला.