पायाळूची कंबर

गेल्या रविवारची गोष्ट. फ्लू उतरून बरेच दिवस झाले होते, पण माझी कंबर काही ताप विसरायला तयार नव्हती.

युसूफ वडगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खुर्चीत बसलो की उठता येईना, उठलो की बसता येईना... गिऱ्हाइकाने बियाण्याची पिशवी मागितली की मी त्यालाच म्हणायचो, आत जाऊन घे बाबा.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर काही जणांना असं दुखतं, शेक घ्या, थोडं चाला, जड उचलू नका. त्यातला शेक तेवढा मी मनावर घेतला. घरात गरम पाण्याची रबरी पिशवी एकच, ती सतत माझ्या पाठीला.

माझ्यानंतर बायकोला, शीतलला, ताप आला होता. तिचा लवकर उतरला... निदान ती लवकर उठून भाकरी थापायला लागली.

आता गंमत अशी, की शीतल पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. माझा विश्वास नाही. पण कंबर धरलेली असताना माणूस फार वाद घालत नाही.

घाटनांदूरहून ती लग्न होऊन आली, तेव्हापासून अख्खी गल्ली तिच्या पायासाठी येते. येणारा भिंतीला हात टेकून उभा राहतो, ती पाठीला पाय लावते, तो चहा पिऊन जातो. आई कुणालाच परत पाठवत नाही. "आमच्या सुनंचा पाय लई गुणाचा हाय," असं पाव्हण्यारावळ्यांना सांगत असते.

सगळ्यांना चालणारा तो पाय फक्त मला चालत नव्हता. कारण मी नवरा! आईने आधीच निकाल देऊन टाकला होता, "नवऱ्याला पाय लावती का कुठं कोणी? पाप लागंल तिला."

त्या रविवारी सकाळी चप्पल घालायला वाकलो आणि तसाच अडकलो. ना वर, ना खाली. आई ओट्यावरून बघत होती. मग पदर सावरून उठली.

"मी मारुतीला जाऊन येते. मला यायला टाइम लागंल." जाता जाता शीतलकडे बघून म्हणाली, "मी घरात न्हाई. मला काय दिसत न्हाई."

मारुतीचं देऊळ आमच्या दारातून दिसतं. म्हणजे परवानगी मिळाली होती.

मी कसाबसा सरळ होऊन भिंतीला हात टेकले. शीतलने आधी माझ्या पाया पडून घेतलं... पापाची भरपाई अगोदरच. मग पाय उचलला. तो पाठीला लागतो न लागतो तोच मागून "आई गं" ऐकू आलं. वळून बघितलं तर ती एका हाताने चौकट आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून उभी होती.

"तुला काय झालं?"

"तुमच्यासारखंच. ताप गेल्यापासून हाय."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"पिशवी एकच हाय ना," ती म्हणाली.

मला मनापासून लाज वाटली. तापातून उठल्यावरही ती एका पायावर उभी राहून लोकांच्या पाठी बऱ्या करत होती. गावात दुसरं पायाळू कुणी नाही, आणि स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला काही पोचत नाही.

आई आली. आल्या आल्या विचारलं, "उतरली का?" मी ताठ उभा राहून म्हणालो, "उतरली." उतरली नव्हती. पण नाही म्हटलं असतं, तर शीतलला परत पाय उचलावा लागला असता. मग शीतलचं सांगितलं. आई तेलाची वाटी घेऊन तिच्यामागे आत गेली.

संध्याकाळी शेजारचे काका कमरेवर हात ठेवून आले. सवयीने भिंतीला हात टेकून उभेही राहिले. आई ओट्यावरून हललीसुद्धा नाही.

"आज पाय मिळायचा न्हाई. आमच्या पोरीचीच कंबर धरलीय. घरी जाऊन शेक घ्या." काका बिचारे चहा न पिताच गेले.

दुखणं अजून आहे, दोघांचंही. उतरली असं सांगून बसल्यामुळे मला घरात ताठ चालावं लागतं. डॉक्टरांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं म्हणा...

काल दुसरी पिशवी आणली. शीतलने ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "ही कुणाला? तुमची तर उतरली ना?"

मी दोन्ही पिशव्यांत गरम पाणी भरलं. ती हसली, मग कंबर धरली, मग पुन्हा हसली.