तार काढून बघणाऱ्या वहिनी

हे कोणाच्या हाती पडलंच, तर माझं वाकडं अक्षर आणि शुद्धलेखन पोटात घाला. चौथीनंतर लिहायचं काम पडलं ते सहीपुरतंच. पण कॅफेवाल्या वहिनींबद्दल मला तोंडानं सांगता येत नाही. चारजणांसमोर बोलायला गेले की शब्द आत जातात. म्हणून लिहिते.

वर्ध्याला वहिनींच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या पुढच्या भागात प्लायवूड ठोकून वहिनींनी नेट कॅफे काढला होता. समोरच्या कडेला मी भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाइकाला फ्लॉपीत काही भरून द्यायचं झालं की वहिनी आधी टेलिफोनची तार उपटायच्या आणि मग ती फ्लॉपी कोपऱ्यातल्या मशीनवर उघडून बघायच्या. बाकीची पोरं कुरकुरायची, "काय वहिनी, नेट घालवलं ना आमचं." वहिनी म्हणायच्या, "बस दोन मिनिटं. इथं दिसलं म्हणून सगळीकडे दिसते असं नाई." पोरं हसायची. मला कधी हसू आलं नाही, कारण ही सवय त्यांना माझ्या कामामुळे लागली होती.

तशा त्या मुळातच धास्तावलेल्या. शटरला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन ओढून बघायच्या. पुढे पुढे मागे न येता तिथूनच मला विचारायच्या, "लावलं ना ग, कमल?" मी मान हलवायची. आमचं बोलणं बरेच दिवस एवढंच होतं.

माझा धाकटा भाऊ सुरेश आमच्या माहेरच्या गावाहून, जामहून, ट्रकवर क्लिनर म्हणून गेला आणि परत आलाच नाही. डोक्यानं जरा हलका होता. ड्रायव्हरनं सांगितलं, दक्षिणेत एका ढाब्यावर उतरला तो दिसलाच नाही. पोलिसांत सांगून झालं, देवाला बोलून झालं. मग कोणीतरी म्हणालं, तिकडच्या संस्था रस्त्यावर सापडलेल्या माणसांचे फोटो नेटवर टाकतात. मी कशीबशी वहिनींसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "दुपारी गिऱ्हाईक नसते. तवा येत जाजो."

कितीतरी दुपारी आम्ही ते चेहरे बघितले. एक दिवस एका पानावर मी थांबले. टक्कल केलेला, गाल बसलेला माणूस, हातात नंबराची पाटी. तो सुरेश वाटायचा आणि लगेच वाटायचा नाही. वहिनींनी तिथे हिंदीत फोन लावला. माणूस बोलत नाही, नाव सांगत नाही, ओळख पक्की असेल तरच या, आणि लवकर, कारण येत्या आठवड्यात त्याला दुसरीकडे हलवणार आहोत, असं उत्तर आलं. घरी नवरा म्हणाला, "भलत्याच माणसाले घेऊन येशील. मंग ठेवशील कुठं?"

ओळखलं असतं ते आईनं. पण आई जामला, मांडीचं हाड मोडून पडलेली. एसटीत बसवणं शक्यच नव्हतं. प्रिंटरवर फोटो काढला तर तोंडाच्या जागी नुसतं काळं आलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "पानच पाठवू." त्यांनी पान फ्लॉपीत घातलं, कॅफेतल्या दोन्ही मशीनवर उघडून बघितलं. दोन्हीवर सुरेश दिसला. म्हणजे, तो माणूस दिसला.

फ्लॉपी घेऊन मी जामला गेले. हायवेवर ट्रक तोलायचा काटा होता. तिथल्या मुनीमजीकडे कॉम्प्युटर होता. शेजाऱ्याच्या हातगाडीवर आईला झोपवून तिथे नेलं. मुनीमजीनं फ्लॉपी घातली. अक्षरं आली. फोटोच्या जागी एक रिकामी चौकट आली आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली.

आई म्हणाली, "कुठं हाय माया सुऱ्या?"

मुनीमजी पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. तो सहज बोलून गेला, "यायनं तर फुली मारली." आईनं ते ऐकलं. काट्याच्या कागदावर रद्द झालेल्या गाडीच्या नंबरापुढे अशीच फुली मारतात, हे जामला सगळ्यांना ठाऊक. ती रडली नाही. पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "चाल, घरी ने मले." रात्रभर ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी वर्ध्याला आले. फुलीचं सांगितलं तशा वहिनी खुर्चीतच बसल्या. त्या तारेकडे बघू लागल्या. मग त्यांनी तार उपटली आणि तीच फ्लॉपी उघडली. लाल फुली.

"कमल, मायीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "पानात फोटो नसतेच. फोटो कुठून आणायचा तेवढं लिहून असते. इथं दोन्ही मशीनले नेट, म्हणून तो तारेतून येऊन राह्यला होता. काट्यावर कुठून येईल?"

त्यांनी पान पुन्हा घेतलं. या वेळी स्क्रीनवर पानासोबत त्याच नावाची एक पिवळी पेटी, फोल्डर म्हणतात ती, तयार झाली. "फोटो हिच्यात आहे. हे दोघं एकाच फ्लॉपीत, शेजारी शेजारी पाहिजे." तार बाहेर ठेवून त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवर बघितलं. चेहरा आला. तरी त्यांचा विश्वास बसेना. "मी येतो संग," म्हणाल्या. दुकानातून कोणालाही न विचारता उठल्या. एसटीत फ्लॉपी स्टीलच्या डब्यात घालून मांडीवर धरली होती, आणि प्रत्येक थांब्यावर डबा उघडून बघत होत्या.

आई यायला तयार नव्हती. "मेलेल्याचं तोंड काऊन दाखवता?" म्हणाली. वहिनी तिच्या बाजेजवळ खाली बसल्या. "फुली त्यायनं नाई मारली, माय. मी फोटो पाठवाले चुकली. एक डाव पाहून घ्या."

काट्यावर ट्रकांची रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. फोटो वरून हळूहळू खाली उतरला. आधी टक्कल, मग डोळे. आई डोळे बारीक करून बघत राहिली. मग पाटी धरलेले हात आले आणि आईनं बोट टेकवलं.

"मूठ पाह्य त्याची. अंगठा आत. पाळण्यात असाच धरे."

मी इतके दिवस तोंडच बघत बसले होते.

गाडीभाड्याचे पैसे वहिनींनी तिथेच, काट्याच्या पायरीवर, पिशवीतून काढून माझ्या हातात कोंबले. आईनं ओळखलं म्हटल्यावर नवराही यायला तयार झाला. आम्ही दोघं गेलो. सुरेशला आणलं. त्यानं मला ओळखलं नाही. आईला ओळखलं.

त्याला सावरायला फार दिवस लागले. मग तो माझ्याजवळ येऊन बसू लागला, मेथीच्या जुड्या बांधू लागला. वहिनींचे पैसे मी थोडे थोडे देत गेले. त्यांनी एकदाही "राहू दे" म्हटलं नाही, त्यामुळेच मला त्यांच्याकडे वर मान करून बघता आलं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मोबाइल आले, कॅफे रिकामा पडला. वहिनी मुलाकडे नागपूरला जायला निघाल्या. मशिनी टेम्पोत चढत होत्या, आणि वहिनी प्रत्येक दोरीची गाठ ओढून बघत होत्या.

मी शेवटचे पैसे सुरेशच्या हातात दिले. त्याला पुढे केलं. वहिनींनी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, नोटा पुढे धरल्या आणि म्हणाला, "मोजून घ्या, वहिनी."

वहिनींनी मोजल्या. मग एकदा पुन्हा मोजल्या. "बरोबर आहेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "पूर्ण झाले."