फ्राउ केलरच्या स्वयंपाकघरातला केजन

हायडेलबर्गहून परतून इतकी वर्षं झाली, तरी गोडबोले आणि मी भेटलो की रसायनशास्त्राचा विषय निघत नाही. निघतो तो आल्सीदचा. एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा आठवतो. गोडबोलेच्या बायकोला तर सगळे पाठ झालेत.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघं तिथे पीएच.डी. करत होतो आणि फ्राउ केलरकडे खोली घेऊन राहत होतो. त्यांचा नवरा युद्धातून परतला नव्हता. तो ॲकॉर्डियन दुरुस्त करायचा. त्याचं काम बघून बघून त्या शिकल्या होत्या, आणि आता त्याच पाटीखाली तेच काम करत होत्या.

आल्सीद अमेरिकन लष्करात ट्रक चालवायचा. लुइझियानाचा केजन. म्हणजे फार पूर्वी कॅनडातून हाकललेल्या फ्रेंच लोकांचा वंशज. आता त्यांची वस्ती तिकडे दलदलीच्या मुलखात.

*

तो पहिल्यांदा आला तो आजोबांचं ॲकॉर्डियन घेऊन. दहा बटणांचं, छोटंसं. आतलं एक रीड बसलं होतं, त्याचा सूर उमटत नव्हता. त्याने फ्राउ केलरना बजावलं, की जपून उघडा, हे आमचं केजन वाद्य आहे, तुम्ही असलं पाहिलं नसेल.

त्यांनी ते उघडलं आणि आतल्या लाकडावरचा शिक्का त्याला दाखवला. तिथल्याच एका जर्मन कारखान्याचा होता.

"आल्झो, म्हणजे तर," त्या म्हणाल्या, "घरी आलंय."

आल्सीदने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग आम्हाला म्हणाला, "दहा दिवस बोटीत उलट्या करत मी हे परत करायला आलो?"

*

गोडबोले पेटी बरी वाजवायचा. एका रविवारी त्याने ते ॲकॉर्डियन मागून घेतलं आणि अभंग सुरू केला. पहिली ओळ धड होईना. या वाद्यात भाता दाबला की एक सूर आणि ओढला की त्याच बटणातून दुसरा. अर्ध्या तासाने त्याने ते घाम पुसत परत केलं आणि म्हणाला, "याचं आधी काय ते ठरू दे."

*

आल्सीदच्या घरी सगळे फ्रेंच बोलायचे, पण शाळेत ते बोलायची बंदी होती. सहा वर्षांचा असताना त्याने बाईंकडे बाहेर जायची परवानगी फ्रेंचमध्ये मागितली. इंग्रजी येतच नव्हतं. बाईंनी त्याला गुडघ्यांवर उभं केलं. तेव्हापासून आपलं फ्रेंच म्हणजे मोडकं, गावंढळ, असं तो स्वतःच सांगायचा.

गोडबोलेने एकदा विद्यापीठात फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना चहाला बोलावलं. त्या पश्चिम फ्रान्समधल्या खेड्यातल्या. आल्सीद लाजत चार वाक्यं बोलला. बाईंनी कप खाली ठेवला आणि आणखी बोलायला सांगितलं. मग म्हणाल्या, "हे चुकीचं नाही. हे जुनं आहे. माझी आजी असंच बोलायची."

आल्सीदने खिशातून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हे लिहून द्याल? आमच्या शाळेतल्या बाई अजून आहेत."

*

त्याच्या आईच्या हातचं गंबो म्हणजे भातावर घ्यायचं दाट सूप. त्यात एक भाजी लागते, चिरली की तार सुटते, असं तो सांगायला लागला आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "भेंडी!"

मी घरून बी मागवलं. फ्राउ केलरनी परसात, उन्हाच्या भिंतीशी लावलं. सगळा उन्हाळा आम्ही त्या चार रोपांची राखण केली. शेवटी कळ्या धरल्या. पुढच्या रविवारी आल्सीद तांदूळ घेऊन आला, तर टेबलावर फुलदाणी आणि तिच्यात पिवळी फुलं. इतकी सुंदर फुलं झाडावर कशाला वाया घालवायची, असं फ्राउ केलरना वाटलं होतं.

आम्ही नुसता भात खाल्ला. फुलदाणी मध्ये होतीच.

*

पुढच्या वर्षी आल्सीदची आई गेली. तार पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्यांच्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर वाजवत नाहीत. त्याने ॲकॉर्डियन फ्राउ केलरच्या हवाली केलं आणि वर्षभर कपाटात ठेवायला सांगितलं.

त्यांनी मान हलवली. नुसतं ठेवलं तर भात्याचं कातडं आखडतं, म्हणाल्या. मग त्यांनीच मार्ग काढला. त्या वाद्याला हवा सोडायचं वेगळं बटण असतं. ते दाबून धरलं की सूर निघत नाही, भाता नुसता उघडतो, मिटतो.

दर रविवारी जेवणानंतर त्या ॲकॉर्डियन मांडीवर घेऊन बसत. हवा आत, हवा बाहेर. आल्सीद समोरच्या खुर्चीत, डोळे मिटून. एकदा मी त्याला कॉफी हवी का विचारायला गेलो, तर त्याचा पाय जमिनीवर तीनाच्या ठेक्यात हलत होता.

त्याने हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "आईचं गाणं चाललंय."