एक तरी भजन पुरं होऊ दे

प्रतिभा सून म्हणून खानदेशातल्या प्रकाशा गावी आली ती लॅपटॉप घेऊनच. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करायची आणि ते उरकलं की फुकट मिळणाऱ्या, कोणालाही आतून उघडून बघता येतील अशा प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसायची. सासूबाई तापीबाईंना एवढंच कळलं होतं, की सून कुणाचं तरी काम फुकटात करते.

गल्लीतल्या मंदिरात भजनं लावायला असाच एक प्रोग्रॅम होता. सकाळी सुरू केला की दुपारी कॉम्प्युटर गप्प व्हायचा. पुजारी म्हणायचे, "देवनी मर्जी." प्रतिभाला ते पटेना. तिने प्रोग्रॅम उघडून बघितला. प्रत्येक गाण्याबरोबर तो एक चित्र मेमरीत घ्यायचा आणि गाणं संपलं तरी सोडायचा नाही. हीच ती मेमरीची गळती; मेमरी भरली की कॉम्प्युटर ठप्प.

"पंगत उठली तरी उष्टी ताटं उचलायची नाहीत, नवीच मांडत जायची, तसं," तिने सासूबाईंना समजावलं.

"आपली शेजारची गुलाबबाई बी असंच करस," तापीबाई म्हणाल्या.

प्रतिभाने दुरुस्ती करून पाठवली. प्रोग्रॅम सांभाळणारा गृहस्थ जर्मनीत होता. त्याने कळवलं, "माझ्याकडे व्यवस्थित चालतो. पुरावा द्या."

मग प्रतिभाने जुना प्रोग्रॅम घरी लॅपटॉपवर लावून मुद्दाम बंद पाडायचं ठरवलं. मेमरी लवकर भरावी म्हणून एक ओळ झाली की गाणं बदलेल अशी सोय केली, आणि कधी बंद पडतो ते स्वयंपाकघरात कळावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

सून भक्तीला लागली म्हणून तापीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी शेजारणींना बोलावलं. गुलाबबाई टाळ घेऊन आल्या. टाळ जुळतोय तोवर भजन बदललं. पुन्हा जुळवला, पुन्हा बदललं.

"हात जोडस तोवर देव बदली जास," दुसऱ्या शेजारीण निर्मलाबाई म्हणाल्या.

"एक तरी भजन पुरं होऊ दे वं, बेटा," तापीबाईंनी विनवलं.

"बंद पडेपर्यंत असंच चालू द्यायचंय," प्रतिभा म्हणाली.

शेवटी एका ओळीच्या मध्येच सगळं थांबलं. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. प्रतिभा मात्र खुशीत आली आणि तिने लगेच दुरुस्त केलेला प्रोग्रॅम लावला. तो काही थांबेना. एकेक बाई चुलीवर दूध ठेवल्याचं सांगून उठली.

गाण्यांसकट पुरावा पोचला, दुरुस्ती स्वीकारली गेली. जर्मन गृहस्थाने लिहिलं, तपासताना तुमच्या गाण्याची एक ओळ डोक्यात बसली आहे, पुढची काय? ती प्रतिभालाही येत नव्हती. तिने गुलाबबाईंना विचारलं. त्यांनी सगळी कडवी टाळासकट म्हणून दाखवली, आणि रेकॉर्डिंग जर्मनीला गेलं.

नवा प्रोग्रॅम मंदिरातही बसला. भजनं आता दुपारीही अखंड चालू लागली. आठवड्याभरात सासरे शांतीलाल लाल डोळ्यांनी प्रतिभासमोर येऊन उभे राहिले.

"बेटा, ती गळती परत सुरू करता येई का? जेवणनंतरपुरती."

प्रतिभाने बाहेर पाहिलं. पुजारी ओट्यावर जांभया देत बसले होते. तेही त्याच कामासाठी आले होते.