ताजमहालाकडे तोंड करून

नगर स्टेशनावर गाडी यायला अवकाश होता, तेवढ्यात आमच्या दूध संस्थेच्या संचालकांनी फलाटावरच फ्लेक्स उलगडून बघितला. 'अभ्यास दौरा' ही अक्षरं बोटाएवढी होती आणि चेअरमनचा चेहरा कलिंगडाएवढा. अभ्यास हरियाणातल्या म्हशींचा करायचा होता आणि ताजमहाल वाटेत लागत होता. प्रत्यक्षात म्हशी एका सकाळीत उरकायच्या होत्या आणि ताजमहालाला अख्खा दिवस राखून ठेवला होता. यंदा दौऱ्यात महिला सभासद हवी असं वरून आलं होतं, म्हणून माझी वर्णी लागली. बाई एकटी कशी जाणार, म्हणून माझ्यामागे आमचे हे आले.

फ्लेक्सवरचा चेहरा माझ्या थोरल्या दिरांचा. गाव त्यांना दादा म्हणतं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या घरी रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, पदर कपाळावर ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत. मी पुढ्यात उभी असले तरी निरोप ह्यांच्यामार्फत येतो. मी गावात अंगणवाडी चालवते, पोषण आहाराच्या पोत्यावरून भल्याभल्या साहेबांशी भांडते, पण दादांचं खाकरणं ऐकलं की माझा हात आपोआप पदराकडे जातो. हात माझाच आहे, पण ऐकतो त्यांचं.

मला ताजमहालाचं फारसं अप्रूप नव्हतं. मला आम्हा दोघांचा एक फोटो हवा होता. आमच्या लग्नातलं रीळ धुताना वाया गेलं आणि त्यानंतर घरच्या प्रत्येक कार्यात हे पुरुषांच्या घोळक्यात, मी बायकांच्या. मुलीच्या लग्नात आईवडिलांचा फोटो लावायचा होता, तेव्हा तिनं दोन फोटो कापून मोबाईलवर एकत्र जोडले. त्यात ह्यांचा हात कुणा पाव्हण्याच्या खांद्यावर आहे, पाव्हणा मात्र कापला गेलाय. तो अधांतरी हात सगळ्या वऱ्हाडानं बघितला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीव्हीवर ताजमहालासमोरच्या त्या संगमरवरी बाकावर बसलेली जोडपी मी पाहिली होती. ठरवलं, तिथं बसायचं.

गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा निघाला. भुसावळ मागे पडलं तरी चर्चा खव्याच्या भावावरच. मी दादांच्या नजरेआड, खिडकीशी बसले, तर पलीकडून दादांचा आवाज आला, "तिला म्हनावं, खिडकी लाव. डोळ्यात कन जाईल."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा म्हणतात, खिडकी लाव."

मी खिडकी लावली. आमचं हे टपालखातं असं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहे.

आग्र्याला उतरलो ते थेट ताजमहालाच्या दारात. तिथं आमच्या शिष्टमंडळाची दाणादाण उडाली. तपासणीवरच्या जवानानं आधी डबे अडवले, मग नारळ. दादांनी तो घरून आणला होता. एवढ्या लांब कुणाच्या तरी समाधीला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न होता. जवानानं नारळ कानाशी हलवून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग चंच्या (तंबाखूचे बटवे) निघाल्या. एकेका संचालकाच्या बंडीतून, पायजम्यातून, एकाच्या तर मोज्यातूनही. शेवटी फ्लेक्स.

"ये अंदर नहीं जाएगा," जवान म्हणाला.

"अहो, ह्यात मी हाय," दादा म्हणाले.

जवानानं फ्लेक्सकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि गुंडाळी नारळाशेजारी उभी केली. आमची संस्था बिनातंबाखूची आणि बिनाफ्लेक्सची आत शिरली. एवढी हताश माणसं शहाजहानच्या वेळीसुद्धा ह्या दारातून आत गेली नसतील.

लाल दगडाच्या मोठ्या दरवाजातून पुढे आलं की तो एकदम दिसतो. खरं सांगते, छाती भरून आली. इतकं पांढरं, इतकं शांत काही मी पाहिलं नव्हतं. मी काही म्हणणार, तोच मागून एक संचालक उद्गारले, "आपल्या नगर रोडच्या मंगल कार्यालयाला असलीच फरशी हाय."

"पर तिथं पार्किंग लई चांगलं," दुसरे म्हणाले.

मग सगळ्यांनी हसनभाईंना धरलं. हसनभाई आमच्या शेजारचे, संस्थेला रोज कॅन भरून दूध घालणारे. संगमरवर कुठून आला, कारागीर किती, बेगम कशानं गेली, सगळे प्रश्न त्यांनाच. जणू शहाजहान त्यांचा चुलता लागत होता.

"आरं बाबांनो," हसनभाई कळवळून म्हणाले, "मी बी आजच बगतूय. मला म्हशीचं इचारा."

चौथऱ्यावरच्या त्या बाकापाशी रांग होती. कुणी बोटांच्या चिमटीत घुमट धरत होतं, कुणी नवरी हातावर उचलत होतं. हसनभाईंचा मोबाईल चांगला, म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ह्यांना कोपरानं ढोसत ढोसत मी रांगेतून पुढे नेलं. बाक मोकळा झाला, हे बसले. मी पदर सावरला, पुढे झाले.

तेवढ्यात दादा आले.

ते सहजच आले होते, हात पाठीमागे बांधून, बांधावरून फिरतात तसे. पण त्यांना बघताच आमचे हे बाकावरून अर्धे उठले आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, "दादा, या, बसा की."

दादा बसले. थोरला बसल्यावर धाकट्यानं शेजारी बसायला हरकत नसते, म्हणून हेही बसले. मी बाजूला, दोन पिशव्या आणि समाधीच्या मानानं काढलेल्या तिघांच्या चपला घेऊन उभी. हसनभाईंनी बिचाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रेमाच्या इमारतीपुढे आमच्या घरातले दोन सख्खे भाऊ मांडीला मांडी लावून बसले होते आणि मागच्या रांगेतलं नवं जोडपं कौतुकानं बघत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आधी रागाचं, मग नुसतंच. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि ह्यांच्याकडे तोंड करून, पण चौथऱ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादांना विचारा, ह्या फोटोसाठी मी एवढ्या लांब आले. तो माझा होता का त्यांचा?"

हे पांढरे पडले. निरोप पोचवायची गरज नव्हती, दादा हातभर अंतरावर होते. संचालक मंडळ घुमटाकडे बघायला लागलं, पहिल्यांदाच मन लावून.

दादा उठले. मला वाटलं, आता तडक स्टेशन. त्यांनी हसनभाईंच्या हातातला मोबाईल घेतला आणि ह्यांना म्हणाले, "बस." मग बाकाकडे हात करून, कुणाकडेच न बघता, "दोघं बसा."

मी बसले. दादांसमोर.

"असं न्हाई," दादा म्हणाले. "तिकडं पाठ न्हाई करायची. दोन जीव निजल्यात तिथं. तोंड करून बसा."

"दादा," हसनभाई हळूच म्हणाले, "मग फोटूत ताजमहाल कसा यील?"

"न्हाई आला तर न्हाई आला. समाधीकडं पाठ करून कोन बसतं व्हय?"

आम्ही बाकावर उलटे फिरलो. दादा वळसा घालून आमच्या पुढ्यात गेले आणि ताजमहालाकडे स्वतःची पाठ करून उभे राहिले. त्यांना ते चालत असावं. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांत, दुधाची किटली धरावी तसा धरला. रांगेतली माणसं ओरडायला लागली, एका गार्डानं शिट्टी मारली. दादा हलले नाहीत. ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पदर."

हे माझ्याकडे वळून सवयीनं म्हणाले, "दादा म्हणतात..."

"तू गप," दादा म्हणाले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "पदर मागं घे गं. तोंड दिसू दे."

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य. मी पदर मागे घेतला. उन्हाचा चटका कपाळाला बसला. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. दादांच्या डोक्यावरून तो पांढरा घुमट दिसत होता आणि मी तो पोटभर बघितला. शेजारी हे होते, म्हणून कुठं जायची घाई नव्हती.

परतीच्या गाडीत संचालक मंडळ गेटावर सोडवून घेतलेला फ्लेक्स अंथरून त्यावर झोपलं. पेठा (कोहळ्याची मिठाई) गावभर वाटला. म्हशींचा अहवाल अजून कुणी लिहिलेला नाही. दादा पूर्वीसारखेच आहेत आणि माझा हातही पूर्वीसारखाच पदराकडे जातो, पण आता तो कधीमधी वाटेतच थांबतो.

फोटो मी मोठा करून भिंतीला लावलाय. मागे लाल दरवाजा, माणसांची गर्दी, कुणी तरी सांडलेल्या पाण्याचा ओघळ, आणि मधोमध आम्ही दोघं, माझं कपाळ उघडं, ह्यांचा हात ज्याच्या खांद्यावर असायला हवा त्याच्या खांद्यावर. बायका येतात, डोळे बारीक करून बघतात आणि विचारतात, "अगं, पर ह्यात ताजमहाल कुठाय?"

मी सांगते, "आम्ही बघतोय ना, तिकडं."